उलटी गोम

“दावं ओलांडू नका, बाई! मागं फिरा!”

लखू एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या खुंट्यांवरच्या बैलांनीही माना वर केल्या. कोठारेबाईंनी उचललेला पाय तसाच अधांतरी धरला. पायात पलटणीतल्या शिपायासारखे जाड बूट, काष्ट्याचं लुगडं, त्यावर वडलांचा खाकी कोट आणि केस मानेपाशी कापलेले. शिरजवळ्याच्या जत्रेतल्या बैलबाजारात त्या सकाळी दोन-तीन हजार जनावरं असतील आणि तेवढीच माणसं. त्यांत बाई ही एकटीच.

“ओलांडलं तर काय होतं?” त्यांनी विचारलं.

“बैल नासतो.”

“म्हणजे नेमकं काय होतं त्याला?”

लखू हा सरनोबतांचा गडी. पाखऱ्या वळूला वासरू असल्यापासून त्यानंच वाढवलेलं. पण हा प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नव्हता. तो माझ्याकडे वळला. “मास्तर, सांगा की वं तुम्ही.”

“इथली रीत आहे,” मी म्हणालो.

“बरं.” बाईंनी पाय मागं घेतला, खुंट्याला वळसा घातला आणि पलीकडून पाखऱ्याच्या अगदी तोंडापाशी जाऊन उभ्या राहिल्या. दावं काही त्यांनी ओलांडलं नाही, त्यामुळं लखूला रागवायलाही जागा उरली नाही. घोळक्यातून कुणी तरी म्हणालं, “बाप्या हाय का बाई, बघून सांगा रं कुणी!” मोठा हशा पिकला.

मीही हसलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात मी कुठंच चांगला दिसणार नाही.

हे एकोणीसशे अडतीस सालचं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, संस्थानच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. आमच्या जत्रेत एक चाल होती. आदल्या वर्षी पहिला आलेल्या वळूचं मोठं रंगीत चित्र यंदाच्या प्रदर्शनाच्या मांडवात लावायचं. चार वर्षं ते चित्र मीच काढत आलो होतो. त्या वर्षी दिवाणसाहेबांनी मला न विचारता मुंबईहून ही बाई बोलावली. जनावरं रंगवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, असं त्यांच्या कानावर आलं होतं. चित्र पसंत पडलं, मांडवात लागलं, तर संस्थानच्या पैदास खात्यात चित्रकाराची कायमची जागा आणि राहायला माळावरची बंगली. त्या जागेवर दोन वर्षांपासून माझा डोळा होता. आणि मला हुकूम काय, तर बाईंना काय हवं-नको ते बघा!

पाखऱ्याचे मालक दाजीसाहेब सरनोबत लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी बाईंना बुटांपासून केसांपर्यंत न्याहाळलं.

“बरोबर कोण आलंय?”

“रंगांची पेटी.”

“तसं नव्हे. यजमान?”

“लग्न झालेलं नाही.”

“अरेरे. जमलं नाही कुठं?”

“वेळ झाला नाही.” बाईंचं लक्ष पाखऱ्याच्या डोळ्यांकडे होतं. “ही झूल काढता येईल का?”

दाजीसाहेबांच्या चेहऱ्यावरची गंमत गेली. “झूल उतरायची नाही. नजर लागते जनावराला. तोंड काढा, शिंगं काढा, पाय काढा. मधे झूल रंगवा. जर आहे तिच्यावर, शोभून दिसेल.”

“झूलच काढायची तर मुंबईहून कशाला बोलावलंत? मला बैल काढायचाय.”

“मोटार उद्या सकाळची आहे,” दाजीसाहेब म्हणाले. “मुंबईला जाते.”

बाई पुन्हा पाखऱ्याच्या डोळ्यांकडे वळल्या.

तिथून आम्ही प्रदर्शनाच्या मांडवात गेलो. माझी चार वर्षांची चारही चित्रं ओळीनं टांगलेली होती. बाई एकेका चित्रापुढं बराच वेळ थांबल्या. माझी छाती जरा फुगली.

“मास्तर, बैल चार आहेत ना हे?”

“चार वर्षांचे चार.”

“रंग वेगळे आहेत. शिंगंही वेगळी आहेत. पाय मात्र चौघांचे एकच. हा मागचा डावा बघा. चारी ठिकाणी खूर इथंच उचललाय.”

मांडव बांधणारे गडी ऐकत होते. त्यांतला एक बांबूवरूनच ओरडला, “तारमास्तर, तुमचं बैल जुळं निघालं की वं!”

तारमास्तर हे मला शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं नाव. माझ्या उजव्या वहाणेचा अंगठा तुटला होता, तो मी तांब्याच्या तारेनं शिवला होता. चालताना तार चकाकायची. पोरांच्या तोंडून ते नाव सगळ्या गावात गेलं होतं.

बाईंचं म्हणणं खरं होतं. माझ्यापाशी तेलकट कागदावरचा एक खाका होता, एका कॅलेंडरवरच्या बैलावरून उतरवलेला. दर वर्षी तो कॅनव्हासवर ठेवायचा, रेघा गिरवायच्या, शिंगं बदलायची, रंग भरायचा. चार वर्षांत एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. बाईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

पुढचे दोन दिवस बाई भर उन्हात पाखऱ्यापुढं तिकाटणं मांडून उभ्या होत्या. त्यांची काम करायची तऱ्हा मी कधी पाहिलेली नव्हती. आधी कागद नाही, कोळसा नाही. डोळे मिटून त्या जनावराच्या अंगावरून तळवा फिरवायच्या. मान, गळ्याखाली लोंबणारी पोळी, खांदा, ढोपर. मग दोन पावलं मागं येऊन भराभर रेघा. “डोळा फसतो,” म्हणाल्या, “तळवा सहसा फसत नाही.” त्यांचे वडील गुरांचे डॉक्टर होते. मुलगी आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर गोठ्यागोठ्यांतून हिंडलेली. झुलीच्या कडेखाली हात जाऊ लागला की लखू तो झिडकारायचा. मागून शेणाचे गोळे यायचे. एकदा तर कॅनव्हासवरच आला. बाईंनी तो सुरीनं खरवडून काढला, हुंगला आणि म्हणाल्या, “कडबा कमी द्या ह्याला. पोट बिघडलंय.” ज्याच्या बैलाचं ते शेण होतं तो पोटभर शिव्या देत निघून गेला. संध्याकाळी येऊन, मान खाली घालून, औषध विचारून गेला, ते मी पाहिलं. कुणाला सांगितलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी सामान धर्मशाळेत पोचवताना त्या अचानक म्हणाल्या, “मी इथं आलेली तुम्हाला खपलेली नाही.”

“छे, तसं काही नाही.”

“असलं तरी चालेल. मुंबईतही मी कुणाला खपत नाही. माझ्या खोलीत दादानं आता त्याची मुलं झोपवलीत. ही जागा मिळाली नाही तर परत यायचं, त्याचं घर सांभाळायचं आणि ही पेटी माळ्यावर टाकायची, असा शब्द घेतलाय त्यानं माझ्याकडून. मी दिलाय.” थोडं चालून गेल्यावर म्हणाल्या, “बंगलीच्या दाराला आतून कडी आहे का हो?”

“असेल.”

“मग झालं.”

मला वाईट वाटायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं ते चार सारखे पाय नाचत होते.

त्याच संध्याकाळी दाजीसाहेबांनी मला बोलावून घेतलं. “मास्तर, पाखऱ्या पहाटे तळ्यावर धुवायला जातो. तेवढाच वेळ अंगावर झूल नसते. बाई तिकडे फिरकता कामा नये. तेवढं राखा. जागेसाठी दिवाणसाहेबांकडे तुमचा शब्द मी टाकतो.”

मी मान डोलावली. आणि नेमकी दुसऱ्या दिवशी झोप लागली. उठून धावत तळ्यावर गेलो तर बाई आधीच तिथं. चिखलात बूट रोवून, मांडीवर कागद घेऊन बसलेल्या. लखू पाठमोरा, कडुलिंबाची काडी चावत, दुसऱ्या बैलाला घासत होता. मी बाभळीआड थांबलो.

पाखऱ्या पाण्यातून बाहेर आला. कोवळं ऊन त्याच्या ओल्या पाठीवर पडलं आणि मला ती दिसली.

वशिंडाच्या मागं, पाठीच्या कण्यावर, वीतभर लांब केसांची रेघ. बाकी सगळी लव शेपटीकडे गेलेली आणि एवढीच उलट, वशिंडाकडे तोंड करून. आमच्याकडे तिला उलटी गोम म्हणतात. असा बैल धन्याचं घर बुडवतो, त्याची वासरंही तीच अवदसा घेऊन येतात, असं माणदेशातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पंचक्रोशीतल्या गाई पाखऱ्याला दाखवलेल्या होत्या. झुलीचं कारण आता मला कळलं.

तेवढ्यात लखू वळतोय असं वाटलं. मी पळालो. उजवी वहाण चिखलात रुतली ती रुतलीच. ती काढायला वाकलो असतो तर दिसलो असतो. तसाच अनवाणी घरी गेलो. आईला सांगितलं, कुत्र्यानं नेली. शेजारच्या पोस्टमास्तरांचे जुने जोडे मागून घेतले.

बाईंनी काय पाहिलं ते मी दाजीसाहेबांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. राखण कशी केलीत म्हणून त्यांनी मलाच सोललं असतं, हे एक कारण. दुसरं कारण प्रत्येक वेळी सांगताना जीभ अडते.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी चित्र पुरं झालं. बाईंनी मला धर्मशाळेत बोलावलं. तळ्याचा काठ, पायांखाली चिखल आणि नुकताच पाण्यातून निघालेला पाखऱ्या. कातड्याखाली शिरा हलताहेत असं वाटत होतं. असा बैल मला सात जन्मांत आला नसता. आणि पाठीवर, सूर्य जिथं पडला होता तिथं, ती होती. वीतभर. उलटी.

“नीट बघा,” बाई म्हणाल्या. “सगळं बघा. घाई करू नका.”

“पाहिलं.”

“तुम्ही इथले आहात. ही केसांची रेघ मला फार आवडली, ही त्याची एकट्याची आहे. पण इथं कुणाला खटकेल का?”

त्या वाट बघत होत्या. बाहेर ढोल वाजत होता. मला नीट आठवतं, मी हसलो.

“छे! कुणाला खटकणार? उत्तम झालंय.”

दुसऱ्या दिवशी मांडवात पडदा बाजूला झाला तेव्हा सगळी माणसं पुढं रेटली. कुणी तरी “आयला!” म्हणालं, ते कौतुकानं. मग बिरा आबा पुढं आला. हा म्हातारा धनगर. आसपासच्या दहा गावांत जनावराची खोड ओळखावी तर त्यानंच. काठी टेकत, घोंगडं सावरत तो चित्राच्या अगदी जवळ गेला आणि बोट पाठीवर ठेवून थांबला.

“दाजीसायब,” तो म्हणाला, “ही तर उलटी गोम.”

मांडवात एकच कालवा उठला. “आमच्या गाई ह्यालाच दाखवल्या की वं!” “माझी कालवड ह्याचीच हाय!” “झूल का काढत न्हवता त्ये आत्ता कळलं!”

दाजीसाहेब ताडकन उठले. “खोटं आहे! या बाईनं मुद्दाम काढलंय. दिवाणसाहेब, ज्या बाईला ना घर ना धनी, ती दुसऱ्याचं घर बुडवायला निघालीय. लखू, पाखऱ्याला आण. सगळ्यांदेखत झूल काढ!”

पाखऱ्या आला. झूल निघाली. पाठ पाटीसारखी स्वच्छ. अंगभर बारीक कात्री फिरवलेली. परीक्षणाला झूल काढावी लागते, म्हणून दर वर्षी आदल्या दिवशी फिरवायचे, हे आता माझ्या ध्यानात आलं.

दिवाणसाहेबांनी बाईंकडे पाहिलं. “ही रेघ कुठून आणलीत?”

“त्याच्या पाठीवरून. परवा पहाटे तळ्यावर पाहिली.”

“तळ्यावर बाई न्हवतीच!” लखू ओरडला. त्याच्या परीनं तो खरंच बोलत होता.

“खांबेटे मास्तर,” दिवाणसाहेब म्हणाले, “तुम्हाला बाईंच्या सोबत दिलं होतं. तुम्ही पाहिलीत?”

सगळा मांडव माझ्याकडे वळला. दाजीसाहेबांची नजर मला टोचत होती. बाईही बघत होत्या. पण माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या पायांकडे. पोस्टमास्तरांच्या जोड्यांकडे.

“नाही साहेब,” मी म्हणालो. “असं तिथं काही नाही.”

मग काय विचारता! “खोटारडी!” “हाकला तिला!” “बूट काढून घ्या आधी!” मागून कुणी तरी मातीचं ढेकूळ मारलं, ते कोटावर फुटलं. दिवाणसाहेबांनी हात वर केला. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त जत्रा पार पाडायची होती. तो खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, “बाई, चित्र फार चांगलं आहे. केवढीशी रेघ ती! इथल्या इथं पुसा. चित्र राहील, जागाही तुमची राहील. माझा शब्द.”

बाईंनी पेटी उघडली. ब्रश घेतला. पांढऱ्या रंगात बुडवला. मी बघत होतो आणि देवाशप्पथ सांगतो, मनात म्हणत होतो, पुसून टाक, बाई, पुसून टाक. कारण तिनं पुसली असती तर ती आणि मी सारखेच झालो असतो.

त्यांनी ब्रश पुसून परत पेटीत ठेवला.

“घागरभर पाणी मिळेल का?”

कुणी हललं नाही. मग त्या स्वतःच रांजणाकडे गेल्या, घागर भरली आणि खांद्यावरून घेऊन आल्या. “मी बैलाला हात लावणार नाही. लावला तर म्हणाल, हिनंच काही केलं. आबा, तुम्ही या.”

आबानं घागर घेतली आणि पाणी पाखऱ्याच्या पाठीवर ओतलं. तो नुसता शहारला.

“डोळे मिटा, आबा. वशिंडापासून शेपटीकडे तळवा न्या. लव कातरली तरी खुंट राहतात. ते सुलटे असतील तर हात घसरत जाईल.”

बिरा आबानं डोळे मिटले. त्याचा काळा, भेगाळलेला हात वशिंडावरून खाली आला आणि एका जागी थांबला. त्यानं तो उचलून पुन्हा पहिल्यापासून आणला. पुन्हा तिथंच.

“अडतंय,” तो म्हणाला.

“नीट बघ, आबा!” दाजीसाहेब गरजले.

“बघायचं काय त्यात, दाजीसायब? डोळं मिटल्यात माझं. हितं अडतंय. वीतभर. चित्रात हाय तिथंच.”

मग एकेक जण पुढं येऊन हात फिरवू लागला. दाजीसाहेब झूल तिथंच टाकून निघून गेले. जाताना माझ्यापाशी थांबले आणि एवढंच म्हणाले, “राखण चांगली केलीत, मास्तर.”

तुम्हाला वाटेल, आता बाईंना लोकांनी डोक्यावर घेतलं. नाही घेतलं. ज्यांच्या गोठ्यात पाखऱ्याची वासरं होती त्यांना ती आता अवदसाच वाटली. बायका नव्हत्या तिथं, नाहीतर त्यांनी बोटं मोडली असती. ते काम पुरुषांनी केलं. दिवाणसाहेब कपाळ चोळत म्हणाले, “बाई, खरं काढलंत. पण सगळंच खरं मांडवात टांगता येत नाही. सरनोबतांना दुखवून मला इथं राहता येणार नाही.” त्यांनी चित्र खाली उतरवायला सांगितलं. मग माझ्याकडे वळले. “मास्तर, तुमच्याकडे काही तयार आहे?”

माझ्याकडे खाका होता. दिवस मावळायच्या आत पाचवा बैल मांडवात लागला. पाठ अंड्यासारखी गुळगुळीत, मागचा डावा खूर उचललेला. बांबूवरचा तो गडी माझ्याकडे बघून या वेळी हसलासुद्धा नाही.

सकाळी मोटारीत बाईंची पेटी चढवायला मलाच पाठवलं होतं. त्या आत जाऊन बसल्या. ड्रायव्हरनं हॅण्डल मारलं. तेवढ्यात बिरा आबा एक पांढरा खोंड घेऊन थेट मोटारीपुढं येऊन उभा राहिला. ड्रायव्हर ओरडला, तरी हलला नाही.

“बाई, ह्याचं काढा. इकायचा हाय. समदं काढा. डाव्या खुराला भेग हाय, ती बी काढा.”

“भेग दिसली तर किंमत पडेल, आबा.”

“पडू द्या. पर गिऱ्हाइकाला म्होरं त्वांड दाखवाया लागतंय. कागद दावला की बोलायचं काम न्हाय.”

“मी राहू कुठं?”

“माझ्या शेरडांच्या वाड्याला लागून खोली हाय.”

बाईंनी जरा विचार केला. “दाराला कडी आहे?”

“आतनं बी हाय, भायरनं बी.”

“आतली पुरे,” म्हणत बाई खाली उतरल्या. मी पेटी उतरवली, ती त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि आबाच्या मागून चालू लागल्या.

त्या खोलीत त्या एकवीस वर्षं राहिल्या. शेणाचे गोळे वर्षभर चालू होते, पुढं थांबले. लोक त्यांना बैलबाई म्हणायचे, आधी दात काढून, मग नुसतंच. हळूहळू बाजारात अशी रीत पडली की चांगल्या जनावराचा सौदा ठरताना गिऱ्हाईक विचारायचं, “बाईचा कागद हाय का?” त्यात जे असेल ते जनावराच्या अंगावर असायचं आणि जनावराच्या अंगावर असेल ते त्यात असायचं. त्या पुढं दावंही ओलांडायच्या. एकही बैल नासला नाही. पाखऱ्याला कुणी घेईना, तेव्हा तो आबानंच आणला. आबाच्या गोठ्यात म्हातारा होऊन मेला. आबाचं घर काही बुडालं नाही.

मी त्या वाटेनं जाणं टाळायचो. दहा वर्षांनी संस्थान विलीन झालं, दिवाण गेले, मांडव गेला. मग एके दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या खोलीपुढं जाऊन उभा राहिलो. बाई एका म्हशीचा कान रंगवत होत्या.

“मी त्या दिवशी खोटं बोललो,” मी उंबऱ्यावरूनच म्हणालो. “मी तळ्यावर होतो. मी गोम पाहिली होती.”

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. हात थांबला नाही.

“कसं?”

त्या उठल्या. भिंतीला टेकवलेल्या चित्रांतून त्यांनी एक ओढून काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि उजेडात धरलं. तळं, चिखल, पाखऱ्या. मी पाठीकडे बघितलं.

“तिथं नाही. तेव्हाही तिथंच बघितलंत. मी म्हणाले होते, सगळं बघा.”

मी खाली पाहिलं. डाव्या कोपऱ्यात, मागच्या खुराजवळ, चिखलात अर्धी रुतलेली एक वहाण होती. अंगठ्याला तांब्याची तार. तिच्यावर सकाळचं ऊन नेमकं पडलं होतं.

“हे मांडवात होतं? सगळ्यांपुढं? तुम्ही नुसतं बोट दाखवलं असतं तरी... सगळं गाव ओळखत होतं ती वहाण.”

“हो.”

“मग का नाही दाखवलंत?”

बाईंनी ब्रश दातांत धरून विचार केला, जणू हे त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. “साक्षीला बैल उभा होता,” त्या म्हणाल्या. “तुमची काय गरज?”

आणि पुन्हा म्हशीच्या कानाकडे वळल्या.

खाका मी त्या संध्याकाळी चुलीत घातला. चित्र पुढं त्यांच्या माघारी माझ्याकडे आलं. पाठीमागं त्यांच्या अक्षरात माझं नाव होतं. आता ते माझ्या पडवीत असतं. रविवारी गावातली दहा-बारा मुलं चित्रं काढायला येतात. नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी पेन्सिल देत नाही. या चित्रापुढं बसवतो आणि म्हणतो, सगळं बघ, घाई करू नकोस. मोठी माणसं येतात ती बैलाकडेच बघत राहतात. मुलांचं तसं नसतं. परवा सुताराची कमळी आली, सात वर्षांची. अर्धा तास बसली आणि मग कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, “आजोबा, ही कुणाची?”

“माझी,” मी म्हणालो.